होई आनच्या देवळात लिहिलेली चिठ्ठी

नागपूरकरहो, आज व्हिएतनामात होई आनच्या जुन्या देवळात मी एकाचं नाक फोडलं.

तिथं छताला उदबत्तीची भलीमोठी गुंडाळी टांगतात, तिला इच्छेची चिठ्ठी बांधतात. मी मराठीत कॉलेजातल्या माझ्या आवडत्या पोरीचं नाव लिहून खाली ‘माझी होऊ दे’ लिहिलं. म्हटलं, इथं कोण वाचतं? मागं आमच्याच टूरमधला, कॉलेजात सोबत असलेला, नागपुरातल्या बेसाचा पंकज उभा.

“काहून गा, कॉलेज सुटलं, पोरगी सुटत नाही?” म्हणत त्यानं चिठ्ठीचा फोटो टूरच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये तिचे काका आहेत. मी त्याला खांबावर आपटलं, रक्त येईपर्यंत मारलं.

आत्ता तिचा फोन आला. “बाबांनी मले पट्ट्यानं मारलं. नाव तूच लिहिलं ना गा?”

परवा नागपुरात उतरल्यावर तिच्या बापाचा हात मोडावासा वाटून राहिला. मग ती माझ्याशी बोलेल का?