जमनाबाईंचा डावखुरा नातू

तारापूरच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या जमनाबाईंना गप्प बसवील असा माणूस अजून जन्माला यायचा होता. बोईसरच्या बाजारात त्या मासळी विकायला बसल्या की रस्त्यापलीकडचे रिक्षावाले दचकायचे. भाव कमी करा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे त्या अशा काही बघायच्या, की तो बिचारा दोन बांगडे जास्तच घेऊन जायचा.

तर या बाईंना नातू झाला, चिराग. दिवस भरायच्या कितीतरी आधी आला, काचेच्या पेटीत राहिला, सगळ्यांचा जीव टांगणीला लावून घरी आला. पुढं तो वस्तूंवर झडप घालायला लागला, तीही फक्त डाव्या हातानं. झालं! जमनाबाईंना आभाळ ठेंगणं झालं. कारण नवरा धर्माजी डावखुरे, आणि उथळ पाण्यात उभं राहून पागाचं गोल जाळं त्यांच्यासारखं फेकणारा किनाऱ्यावर दुसरा नाही, असं निदान जमनाबाईंचं तरी मत.

सून हिमानी म्हणाली, अंघोळ घालताना याची उजवी मूठ उघडतच नाही, बोटं सोडवावी लागतात. जमनाबाईंकडे उत्तर तयार होतं. पाग डाव्यानं फेकायचा तर दोरी कुठल्या हातात धरायची? उजव्याच ना? पोरगा आत्तापासून दोरी धरून बसलाय! मग घरात हुकूम सुटला, जे द्यायचं ते डाव्या हातात. रोज सकाळी त्याच्यापुढं सुका बोंबील नाचवून सराव घेतला जाई. बाजारात सालवडच्या परप्रांतीय कामगारांच्या बायकांना ही कथा मोडक्यातोडक्या हिंदीत ऐकल्याशिवाय मासळी मिळेना.

हिमानीच्या मनाला काही ते पटेना. लवकर जन्मलेल्या बाळांची पालघरला तपासणी असते, तिकडं जायचंच, असा तिनं हट्ट धरला. एरवी सबबी सांगणाऱ्या जमनाबाई या वेळी ठेवणीतली साडी नेसून पुढं निघाल्या. डॉक्टरीणबाईंना नातू दाखवायचा होता ना!

डॉक्टरीणबाईंनी बाळाचं वय जन्मापासून न धरता बाळंतपणाच्या ठरलेल्या तारखेपासून धरलं. वयात घट धरलेली जमनाबाईंना मुळीच आवडली नाही. मग डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या उजव्या बाजूनं खुळखुळा धरला. चिरागनं अख्खं अंग पिळवटून डावा हात तिकडं आणला. त्यांनी तो हात अलगद धरून ठेवला, तर उजवी मूठ मिटलेलीच आणि पोरानं भोकाड पसरलं. जमनाबाईंनी घाईघाईनं दोरीचं समजावून सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, हसल्या नाहीत.

"आजी, वर्षाच्या आत बाळ डावखुरं नसतं आणि उजवंही नसतं," त्या म्हणाल्या. "एकाच हातानं सगळं करतंय, म्हणजे दुसरा मागं पडतोय. वेळेवर आलात. हात किती सुधारेल ते आज नाही सांगता येणार, पण व्यायाम आजच सुरू करू."

वाटेत आणि घरी आल्यावरही जमनाबाई एक शब्द बोलल्या नाहीत. धर्माजींना वाटलं, बाईला ताप भरला. रात्री जेवताना त्या एवढंच म्हणाल्या, "मीच सगला डाव्या हातात देत व्हते." हिमानीनं बाळ सासूच्या मांडीवर ठेवलं आणि आता उजवीकडून द्या म्हणाली.

मग काय विचारता! हुकूम उलटा फिरला. घरी येणाऱ्यानं बाळाच्या उजव्याच बाजूला बसायचं. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे थोडा वेळ डाव्या हातावर मोजा चढवायचा, म्हणजे पोराला उजवा वापरावाच लागेल, शिवाय मालिश, व्यायाम. बाजारात तर कहरच. कुणाच्या कडेवर बाळ दिसलं की जमनाबाई बोंबील घेऊन धावायच्या, एकदा इकडून, एकदा तिकडून. पोरींना वाटे, म्हातारीला वेड लागलं. एकीचं बाळ खरंच एकच हात पुढं करी, तिला पालघरला जाईन असं कबूल करेपर्यंत जमनाबाईंनी कोलंबी दिली नाही.

चिरागचा हात मात्र कित्येक महिने हट्टी राहिला. जमनाबाई देवाशी भांडल्या, मग रडल्या, मग पुन्हा मालिशला बसल्या.

एका दुपारी धर्माजी नातवाच्या उजव्या बाजूला घोरत पडले होते. चिरागनं त्यांच्याकडं तोंड वळवलं. उजवी मूठ थरथरत, अडखळत उघडली आणि आजोबांच्या मिशीवर बसली. मग घट्ट मिटली. धर्माजी किंचाळत जागे झाले. हिमानी सोडवायला धावली, तर जमनाबाईंनी तिला दंडाला धरून मागं ओढलं.

"हात लावायचा नाय कुनी," त्या म्हणाल्या.

धर्माजी ओरडत राहिले, आणि जमनाबाई पदरानं डोळे पुसत नातवाला सांगत होत्या, "ओढ बाला, आनखी ओढ."