उठू का?

आई पुंगोलला आमच्याकडे राहायला आली आणि बाथरूममध्ये पाय घसरून पडली. कंबरेचा मार बरा झाला, दुखणं मात्र गेलं नाही. मग मी तिला जपायचा सपाटाच लावला. ती कणीक मळायला उठली की मी परात हिसकावून घ्यायचे. "वाकू नकोस, आणखी काही मोडून घ्यायचंय का?" असं डाफरायचे. माझी लेकही माझंच बघून इथल्या सिंगापुरी इंग्रजीत बजावायची, "आजी, सिट डाउन लाह!"

काल फिजिओथेरपिस्ट आईला म्हणाली, "दुखणं खोटं नाही, पण इजा केव्हाच भरून आलीय. मेंदू अजून धोका आहे असंच धरून चाललाय. हळूहळू हालचाल वाढवलीत की त्याची भीती ओसरेल. तुम्हाला इतकं घाबरवलं कोणी?"

आईनं माझं नाव घेतलं नाही. मी भिंतीवरच्या मणक्याच्या चित्राकडे बघत राहिले.

आज सकाळी मी लेकीची वेणी घालत होते. गॅसवरचं दूध वर येऊ लागलं. आई ओट्याजवळच खुर्चीत बसली होती. तिनं आधी दुधाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "उठू का गं?"