जुना ड्रायव्हर

कुठल्या तोंडानं सांगू तुमाला? एक शब्द ऐकला, त्याचा अर्थ माझा मीच लावला, आणि नातीचा सगळा कार्यक्रम मातीत घालायला निघाले व्हते. च्या घ्या, सांगते.

माझी नात सायली गाण्याची पार्टी चालवती. ती बोटानं पट्ट्या दाबती, आणि लॅपटॉपमधनं ढोल, सनई, समदं वाजतंय. पर जुना लॅपटॉप दगा द्यायला लागला. पट्टी दाबली की ढोल जरा थांबून वाजायचा. गाणारी पुढं, ढोल मागं! आणि त्याच दिवशी संध्याकाळी आपल्याच गावच्या जत्रंत तिचा पहिला कार्यक्रम. मग काय, सकाळीच नवा लॅपटॉप घ्यायला कोरेगावाकडनं साताऱ्याला निघालो.

टेम्पो बापूंचा. बापू म्हंजे माझं धाकटं दीर, मिलटरीत गाडी हाकून पेन्शनीत आलेलं. पार्टीचं स्पीकर त्येंच्याच टेम्पोत भरल्यालं. माणूस सोन्यासारखा, पर च्याची टपरी दिसली की गाडी आपोआप थांबती. साताऱ्यापत्तुर तीनदा थांबली. सायली घड्याळाकडं बघून नुसती धुसफुसत व्हती.

दुकानात मी कशाला गेले? पोरीला कुणी फसवू नये म्हणून. त्यातलं मला काय कळतंय? पर गप बसंल ती मी कसली! मी म्हणलं, मोठा पंखा असल्याला लॅपटॉप घे, उन्हाळा हाय. दुकानदार हसला. म्हणाला, आजी, त्या पंख्याची घरघर माइकात शिरती, गाण्याला बिनआवाजाचाच बरा. पोरीनं बिनआवाजाचा घेतला. त्येला घरनं आणल्याल्या पट्ट्या आणि लॅपटॉपचा आवाज स्पीकरात नेणारी आपली डबी जोडली, जुन्यातलं काय काय नव्यात घातलं, आणि पट्टी दाबली. ढोल पुन्हा मागंच!

दुकानदारानं डबी उलटीपालटी करून बघितली. "डबी झकास हाय. हे सगळं लेट हुतंय ते जुन्या ड्रायव्हरमुळं. त्यो काढून टाका, नवा घाला."

सायली म्हणाली, "आत्ताच काढते. लय दिवस डोक्याला ताप झालाय त्येचा."

मी तशीच दाराकडं वळले. बाहेर टेम्पोत बसल्याला सख्खा चुलतआजा, आणि ही पोरगी त्येला परक्या माणसासमोर काढती? म्हणलं, पोरीनं तोडून बोलण्यापरीस आपणच जाऊन गोडीनं सांगावं.

आवं, काढण्यात गोडी कसली? मी खिडकीपाशी जाऊन म्हणलं, "बापू, मनाला लावून घेऊ नका. तुमच्यामुळं लेट हुतंय म्हणं. पोरगी नवा ड्रायव्हर घालणार हाय."

 बापूंनी च्याचा गिलास खाली ठेवला, किल्ली फिरवली आणि गेलं.

सायली खोकं घेऊन बाहेर आली.

"आजी, बापूआजोबा कुठं?"

"घरी गेलं."

"आन् माझं स्पीकर?"

"ते बी गेलं."

कारण सांगितलं तशी ती दुकानाच्या पायरीवरच बसली. डोळ्यांत पाणी. म्हणाली, "आजी, ड्रायव्हर म्हंजे मशीनच्या आतला असतो गं! डबीचं बोलणं लॅपटॉपला समजावून सांगतो त्यो. माणूस न्हवं!"

आता मला ठावं का ड्रायव्हर डबीत बी बसतो ते? बापूंचा फोन बंद. खोकं मांडीवर घेऊन यष्टीनं गावात आलो, तर बापू अंगणात खाटंवर, तोंड भिंतीकडं.

मी म्हणलं, चुकलं माझं, ड्रायव्हर दुसरा व्हता. त्येंनी मान बी वळवली न्हाई. "वैनी, मिलटरीत काढायचं झालं तर कागद देत्यात. माझा कागद कुठाय?"

सायलीनं लॅपटॉप उघडून त्यो ड्रायव्हर दावला, तवा कुठं उठलं. तरी जत्रंला निघताना माझ्याकडनं वदवून घेतलंच, की बापूंमुळं कवाच लेट हुत न्हाई! तीन टपऱ्या आठवल्या, पर काय करता?

कार्यक्रम तासभर उशिरा सुरू झाला. सगळं गाव खोळंबल्यालं. सायली माइक घेऊन म्हणाली, "मंडळी, उशीर मशीनमुळं झाला न्हाई. मशीनला नवा ड्रायव्हर मिळाला. पर आमच्या आजीच्या कानात एक शिरतं आणि तोंडातनं दुसरंच बाहेर पडतं. तिचा ड्रायव्हर साताऱ्यात बी मिळाला न्हाई."

सगळ्यात आधी टाळी कुणी वाजवली म्हणता? बापूंनी. ती मात्र एका क्षणाची लेट झाली न्हाई.