हातावरचं दही

"पण तिला वचन द्यायला तुला सांगितलं होतं कुणी?" सूर्यकांतने पुन्हा तेच विचारलं.

"वचन नाही दिलं मी. दही खाल्लं," अलका म्हणाली.

"एकूण एकच!"

"बाबा, एक मिनिट. आईला बोलू तरी द्या," मैत्रेयी मध्ये पडली. पण आई मटार सोलत होती. जानेवारीतला रविवार होता, दिल्लीत मयूर विहारच्या त्या फ्लॅटच्या बाल्कनीत ऊन नावापुरतं आलं होतं, आणि काठमांडूहून आलेला फोन ठेवून तासही झाला नव्हता.

गेल्या मे महिन्यात ही चौघं काठमांडूच्या एका बालगृहात सेवेसाठी जाऊन आली होती. कल्पना मैत्रेयीची. तिच्या कॉलेजातल्या कुणीतरी जाऊन आलेलं होतं. तिच्या भावाला, निखिलला, गुडगावला नुकतीच नोकरी लागली होती, तो म्हणाला, चलो, विमानाचं मी बघतो. आणि सूर्यकांतने तोवर एलटीसीच्या सरकारी सवलतीवर कन्याकुमारीपलीकडे काही पाहिलेलं नव्हतं. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला सेवाही घडणार आणि परदेशही, मग नाही कशाला म्हणायचं? परत आल्यावर महाराष्ट्र मंडळाने गणपतीत चौघांना शाल-नारळ दिला. "आम्ही काही फार मोठं केलेलं नाही," असं म्हणून सूर्यकांत त्यावर अर्धा तास बोलला. येत्या मे महिन्यात पुन्हा जाणार, हेही त्याने तिथेच जाहीर करून टाकलं.

बालगृहात मैत्रेयीने इंग्रजी शिकवलं. बापलेकांनी भिंती रंगवल्या. अलकाने काय करायचं हे कुणी सांगितलं नाही, म्हणून ती पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात शिरली ती तिथेच राहिली. भात, डाळ, मुलींच्या डोक्याला तेल. संध्याकाळी दूध कोमट करून ती दही लावायची. सहा वर्षांची पवित्रा बादली पालथी घालून तिच्याजवळ बसायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन पातेल्यावरचं झाकण उचलून बघायची, लागलं का. पवित्राला सिनेमातलं हिंदी यायचं, अलकाला बाजारातलं. त्यांचं फार बोलणं झालं असंही नाही.

निघायच्या दिवशी फाटकात टॅक्सी उभी राहिली आणि पवित्राने अलकाच्या साडीचा पदर धरला. ओरडली नाही, रडली नाही, नुसता धरून ठेवला. सूर्यकांत टॅक्सीतून "चला, चला" करत होता. अलकाच्या घरात परीक्षेला, गावाला, इंटरव्ह्यूला कुणी निघालं की ती त्याच्या हातावर चमचाभर दही घालायची. तिच्या आईने तिला सासरी पाठवतानाही घातलं होतं. काही सुचलं नाही म्हणून तिने पवित्राच्या हाती वाटी-चमचा दिला, आपला तळहात पुढे केला आणि म्हणाली, "डालो. हमारे में दही खाके जो जाता है, वो वापस आता है." पवित्राने फार जपून दही घातलं. अलकाने ते चाटलं. पदर सुटला. टॅक्सीत बसल्यावर तिने रुमालाला हात पुसला आणि तिकिटं घेतलीत ना, असं विचारलं.

आता फोनवर बालगृहाच्या शोभादीदींचं म्हणणं असं होतं: पोखऱ्याचं एक जोडपं, दोघंही शाळामास्तर, पवित्राला कायमचं न्यायला तयार होतं. कागद झाले होते. पण ते न्यायला आले तेव्हा ती पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसली. दहीवाली आंटी येणार आहे, ती आल्यावर मी इथे नसले तर? शनिवारी मुलांना दही मिळतं, ते ती खात नाही, वाटी दाराआड ठेवते. वास सुटतो, बाई ओरडतात, ती पुढच्या शनिवारी पुन्हा ठेवते. ते जोडपं या आठवड्यात आणखी एकदा येणार होतं. त्यानंतर ते दुसरं मूल बघणार. आम्ही सांगून थकलो, दीदी म्हणाल्या होत्या, आपको बोलना पड़ेगा.

"आई, तू जाऊन ये ना," मैत्रेयी म्हणाली. "समजावून सांग तिला. मी येते सोबत."

"यार, उगाच सेंटी होऊ नका," निखिल पेपरातून डोकं न काढता म्हणाला. "तिथे दर महिन्याला व्हॉलंटियर येतात नि जातात. मुलांना सवय असते."

"तू तर बोलूच नकोस. भिंतीवर जिराफ काढून आलास, त्याला शिंगं बैलाची!" मैत्रेयी उसळली.

"निदान मी कुणाला फसवलं तरी नाही."

निखिलने पेपर खाली केला. "आई, तसं नव्हतं म्हणायचं मला."

"असू दे," अलका म्हणाली.

तिला खरंच काही लागलं नव्हतं, आणि ते तिचं तिलाच विचित्र वाटत होतं. फोनवर ऐकतानाही तिने हात लांब करून गॅस बारीक केला होता. मघाशी ती उठून कपाटातला अल्बम बघून आली होती, कारण पवित्राचा चेहरा तिला नीट आठवेना. सगळ्या फोटोंत ती कडेला होती. एकात अर्धी कापलेली, एकात नुसता हात.

"मी म्हणतो, दीदींनाच सांगू दे आंटी आजारी आहे म्हणून," सूर्यकांत म्हणाला. "मूल आहे, विसरेल. आणि मे महिन्यात आपण जाणारच आहोत की, मग पोखऱ्याला जाऊन भेटून येऊ. म्हणजे तुझंही खोटं ठरणार नाही."

"आजारी म्हटलं तर ती बरं व्हायची वाट बघेल," अलका म्हणाली.

"मग जा ना तू!" मैत्रेयी जवळजवळ ओरडली.

अलकाने शेंगेतून दाणे काढले. आपण गेलो तर काय होईल ते तिला स्वच्छ दिसत होतं. फाटकात पवित्रा, हातात वाटी. दही खरं ठरलं. मग त्या पोखऱ्याच्या बाईबरोबर ती कशाला जाईल?

टोपलीतल्या शेंगा संपल्या. तिने टरफलं पेपरात गुंडाळली, दाण्यांचं भांडं उचललं आणि उठली.

"जेवणं झाली की मी काठमांडूला फोन लावणार आहे. पवित्राला बोलावून घ्यायला सांगणार आहे. मी येणार नाही, कधीच येणार नाही, हे तिला सांगणार आहे. माझ्या तोंडून. आणि मे महिन्यात आपल्यातलं कुणीही तिकडे जायचं नाही. मंडळात काय सांगायचं ते तुम्ही बघा."