मैदानावरचा पायजमा

"बावन्न!"

वहिनीसाहेबांनी आकडा मोठ्याने उच्चारला. शाळेच्या मैदानावर त्या वेळी आम्ही नऊ स्त्रिया होतो, दोन शिपाई होते आणि कवायतीला आलेली दहावीची मुले होती. मापाची फीत साडीवरूनच माझ्या कमरेखाली गुंडाळलेली. तिचे टोक वहिनीसाहेबांच्या चिमटीत.

"लिहून घ्या, बावन्न. नाही, राहू द्या. नांदेडच्या दुकानात एवढं मोठं येतच नाही."

बँकेच्या साहेबांच्या पत्नी म्हणाल्या, "तांड्यावरचा पिंड आहे हो. त्यांना खाल्लेलं अंगी लागतं."

सगळ्या हसल्या. मीही हसले.

"तुम्ही आपल्या साडीतच या, बाई," वहिनीसाहेब म्हणाल्या. "मागे चाला म्हणजे झालं. फोटोत सगळं एकसारखं दिसायला हवं ना."

मी "बरं" म्हणाले. फीत सुटली. मी रांगेच्या मागे जाऊन उभी राहिले. काही वाटले नाही. हे मी मुद्दाम नोंदवते आहे. राग नाही, रडू नाही. दात काढताना सुई टोचल्यावर गाल जसा होतो, तसे सगळे अंग झाले होते.

वहिनीसाहेब म्हणजे आमच्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांच्या पत्नी. हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यानंतरची ती दोन-तीन वर्षे. गावात नवे अधिकारी आले, त्यांच्या पत्नी आल्या आणि सकाळी चालण्याचे एक महिला मंडळ निघाले. मंडळासाठी एका रंगाचे, विजार आणि वर सदरा असे खेळाचे पोशाख मागवायचे ठरले होते. त्याची ती मापे.

मी त्या शाळेत संस्कृत शिकवत असे. माझा जन्म सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरचा. एका वृद्ध शास्त्रीबुवांनी मला शब्दरूपे शिकवली. ते ओसरीवर बसत, मी ओसरीच्या खालच्या पायरीवर. त्यांनी मला विद्या दिली. पायरी बदलली नाही. तरीही त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही आदरच आहे. त्यांच्यामुळे सोवळे माझ्या आयुष्यात आले. पूजेच्या वेळी न शिवलेले वस्त्र, रेशमी, नऊवारी. ज्यांना हे जन्माने मिळाले होते त्यांनी ते कधीच सैल केले होते. मला सैल करता येत नव्हते. मी बोटभर जरी चुकले असते तर लोक म्हणाले असते, शेवटी तांडाच.

या कडकपणातूनच माझ्या हातून एक चूक घडली. मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितले. मला वाटले, पाऊण तास चालायचेच तर देवाभोवती चालावे. आमच्या गल्लीतल्या राममंदिरात मी पहाटे सोवळ्यात, अनवाणी, प्रदक्षिणा घालू लागले. देहाचे पथ्य आणि देवाची सेवा एकाच वेळी. मी स्वतःवर फार प्रसन्न होते. दोन महिन्यांत दोन्ही मांड्यांची आतली कातडी सोलली. सोवळ्याचा रेशमी कद घामाने ओला होई आणि प्रत्येक पावलाला घासे. उजव्या मांडीवरची जखम भरेना.

जखम दाखवायला गेले त्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी जखम पुसून पट्टी बांधली. मग म्हणाल्या, "मैदानावर चाला. बूट घाला. आत काही घासणार नाही असा सुती पायजमा घाला. देव कुठं जात नाही, बाई. पाय जाईल."

म्हणून मी मैदानावर गेले होते. साडीतच, कारण पायजम्यातली शिक्षिका हिंगोलीत तोवर कोणी पाहिली नव्हती. मंडळाचे पोशाख ठरले तेव्हा मला आत कुठेतरी सुटल्यासारखे वाटले. सगळ्या घालणार, त्यात मीही घालीन. ती वाट "बावन्न" या शब्दाने बंद झाली.

आणखी तीन आठवडे मी मागच्या रांगेत साडीतच चालले. हेच मला आज सर्वांत कठीण जाते. कोणी मला बांधून ठेवले नव्हते. एका सकाळी परकराला रक्त लागलेले दिसले. मी तो धुतला, वाळत घातला आणि शाळेत जाऊन क्रियापदांचे लकार शिकवले.

त्या संध्याकाळी मी मशिदीमागच्या गल्लीतल्या शिंपीचाचांकडे गेले. शाळेच्या मुलांच्या चड्ड्या तेच शिवत. तीन पिढ्यांचे दुकान. मी आधीच सांगून टाकले, "चाचा, माझं माप मोठं आहे."

"माप होत राहील, बाईजी. तकलीफ कुठं व्हते ते सांगा आधी."

आयुष्यात कपड्याच्या बाबतीत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. चाचांनी यंत्र थांबवले आणि आतल्या पडद्याकडे पाहून पत्नीला हाक मारली. "अजी, बाईजींना आत घ्या. तुमी बघा आन् मला सांगा."

त्यांच्या पत्नीने, खालांनी, पडद्याआड दोऱ्याने माप घेतले. आकडा त्यांनी उच्चारलाच नाही. दोऱ्याला गाठ मारली आणि दोरा बाहेर दिला. चाचांनी तो फळीवर ठेवला आणि खडूने कापडावर रेषा मारत सांगू लागले. "शिवण बराबर जिथं मांडीला मांडी लागते तिथं येते, म्हणून सोलतं. मी दोन पायांच्या मधात ही मियानी टाकतो. चौकोनी तुकडा. मोठी टाकतो. शिवण तिथून सरकते. नाडी रुंद करतो, रुतणार न्हाई. कुडता गुडघ्यापर्यंत, दोन बाजूंनी चिरा. किल्लीला खिसा."

"आणि खडीसाखरेला," मी म्हणाले. साखर एकदम उतरे कधीकधी.

"दोन खिसे. रंग?"

"करडा. कोणाला दिसणार नाही असा."

चाचा हसले. "दिसणार तर तुमी हायेच, बाईजी. करडा घाला का हिरवा. मग आपल्या पसंतीचा घ्या की."

पडद्यामागून खाला म्हणाल्या, "जामुनी द्या त्यांना. गोऱ्या नसल्या तर काय झालं, खुलतो."

मी जांभळा घेतला. जाड पण मऊ, सुती.

चौथ्या दिवशी सकाळी सहाला मी तो घालून मैदानावर गेले. पायांत कापडी बूट. एक फेरी झाली. दुसरी झाली. कुठेच काही घासले नाही. पाय पायासारखे चालत होते. पन्नाशीला आल्यावर मला कळले की चालणे म्हणजे सोसणे नव्हे.

तिसऱ्या फेरीला वहिनीसाहेबांनी हात आडवा केला. त्यांच्या अंगावर नांदेडहून आलेला निळा पोशाख होता, पांढऱ्या पट्ट्यांचा.

"हे काय घातलंय, बाई? मुलं बघतात. संस्कृत शिकवता ना तुम्ही?"

"आपणही विजारच घातली आहे, वहिनीसाहेब."

"आमची गोष्ट वेगळी. आम्हाला शोभतं. तुम्ही एवढं सोवळं पाळता म्हणे, मग हे कसं चालतं? साडी नेसून या, नाहीतर रस्त्यावर चाला."

त्या क्षणी बधिरपणा उतरला असे मी म्हणणार नाही. तो होताच. परंतु त्या बधिरपणातून मला एक गोष्ट अगदी स्वच्छ दिसली. तीस वर्षे मी यांच्याहून शुद्ध उच्चार केले, यांच्याहून कडक सोवळे पाळले आणि त्याच्या मोबदल्यात मला उभे राहायला मागची रांग मिळाली. आणखी कितीही पाळले तरी रांग तीच राहणार होती.

"मी इथेच चालेन," मी म्हणाले. "बाजूला व्हा."

त्या झाल्या. बहुधा आश्चर्यामुळे.

दुपारी मुख्याध्यापकांनी बोलावले. सज्जन गृहस्थ. खुर्ची दिली, चहा मागवला. "बाई, काहून वाढवता? एक ओळ लिहून द्या. चूक झाली, पुन्हा होणार नाही. मिटलं. वरून सारखा फोन येऊन राहिला."

"कागद द्या."

मी लिहिले: रोज सकाळी सहा ते पावणेसात मी शाळेच्या मैदानावर चालते. वैद्यकीय सल्ल्यानुसार सैल पायजमा व कुडता घालते. यात माझी चूक नाही. हे पुढेही चालू राहील. इतर महिलांसाठी जो नियम आहे तोच मला लागू करावा. माझ्यासाठी वेगळा नियम असल्यास तो कारणासह लेखी द्यावा.

त्यांनी दोनदा वाचले. "हे वर कसं पाठवू मी?"

"जसं आहे तसं, सर."

"नोकरीवर येईल, बाई. निवृत्तीला आठ वर्षं राहिलीत तुमची."

"आठ वर्षं चालायला पाय लागतील."

चहा आला. तो मी घेतला नाही. दुसऱ्या कागदावर तोच मजकूर अक्षरशः उतरवला आणि पोच म्हणून त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, दाराकडे पाहिले आणि सही केली. शिक्का राहिला होता. तोही मारून घेतल्याशिवाय मी खुर्चीवरून उठले नाही.