पडद्यामागची मनकर्णाबाई

खामगावात उकंडरावांनी थेटर बांधलं, तेव्हा कापसाला सोन्याचा भाव होता. म्हणून दर्शनी कमान घडीव दगडाची, कमानीवर दोन सिंह आणि आत शिसवी खुर्च्या. पाथरवटाने जन्मात सिंह पाहिलेला नव्हता. त्याने आपल्या ओळखीचं जनावर कोरलं आणि गावाने त्याला 'बोकड्याचं थेटर' असं नाव दिलं. उकंडरावांसमोर मात्र हे नाव काढायची कुणाची छाती नव्हती. पुढे बोलपट आले, बायकांसाठी वर गॅलरी झाली. पण ही हकीगत त्याआधीची, चित्रं मुकी होती तेव्हाची.

खुर्च्या, सिंह, कमान हा सगळा थाट पुरुषांसाठी. बायकांची सोय पडद्यामागे. दालनाच्या मधोमध पांढरं कापड टांगलेलं असे. यंत्र पुरुषांच्या बाजूने चित्र टाकी, आणि कापड पाण्याने चिंब भिजवलं की तेच चित्र पलीकडेही उमटे. तिथे जाजमावर बसून घरंदाज बायका कुणाच्या नजरेस न पडता सिनेमा बघत. त्यांना गल्लीतून वेगळं दार होतं आणि त्या दारावर मनकर्णाबाई होती.

मनकर्णाबाई भाजीपाल्याची टोपली घेऊन बाजारात बसणारी विधवा. एकदा ती दलालाशी भांडत असताना उकंडरावांनी तिचा आवाज ऐकला आणि दुसऱ्या दिवशी तिला दारावर नेमलं. पडदा भिजवायचा, डोकावणाऱ्या टवाळांच्या पाठीत काठी घालायची आणि दिवस गेलेल्या बाईला भिंतीला टेकायची जागा द्यायची, ही तिची कामं. बाजारात ज्या बायका तिच्याशी वांग्याच्या भावापलीकडे बोलत नसत, त्या इथे "मनकर्णे, मले जागा ठेवजो वं" म्हणत. या एका हाकेसाठी तिचा त्या नोकरीवर जीव होता. कुणी विचारलं असतं तर तिने अर्थातच त्यालाच झापलं असतं.

बरं चाललं होतं, पण मग देवाचं चित्र आलं. त्यात देव पाहुणा होऊन एका गरिबाघरी जेवायला बसतो. पानात भाजी-भाकरी येते, बघणाऱ्या बायका हात जोडतात आणि देव चक्क डाव्या हाताने पहिला घास घेतो.

"अवं माय!" अमडापूरच्या देशमुखांची लेक अन्नपूर्णाबाई ओरडली. ती इथल्या मोठ्या घरची सून. ती उठली तशा सगळ्याच उठल्या. आजवरच्या चित्रांत बायांचे पदर भलत्याच खांद्यावर दिसत, ती मुंबईची फॅशन म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. पण देवाने डाव्या हाताने जेवायचं म्हणजे काय?

त्या रात्री घरोघरी जुंपली. नवरे म्हणत, देव उजव्याच हाताने जेवला. बायका म्हणत, आमचे डोळे फुटले का? उकंडरावांच्या पत्नी पुष्पाबाईंनी तर दुसऱ्या दिवशी डाव्या हाताने भाकरी वाढली आणि वर विचारलं, "देवाले चालते, तुमाले काऊन नाही चालत?"

पडद्यामागे माणूस फिरकेना. उकंडरावांनी मनकर्णाबाईला बोलावलं. "येत्या शुक्रवारी बाया नाही आल्या, त मी तिथं सरकीची पोती ठेवतो. मंग तू आपली टोपली पाह्य."

मनकर्णाबाई तडक यंत्र चालवणाऱ्या हिंमतरावाकडे गेली. "काऊन रे, देव कोनत्या हातानं जेवते?"

"समोरून पाह्यलं त उजव्या. मांगून उलटंच दिसन ना!"

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"मले कोनं इचारलं?"

ती धावत अन्नपूर्णाबाईकडे गेली. पण अन्नपूर्णाबाई कसली ऐकते! "तू थेटराचीच बाजू घेशीन. डोयानं पाह्यल्याबिगर मी नाही मानत."

"मंग समोर बसून पाहा."

"पुरुषाईत?"

"पुरुष मांगं बसतीन. तुमी फक्त लवकर या."

शुक्रवारी खेळाच्या कितीतरी आधी बायका आल्या आणि मनकर्णाबाईने त्यांना सिंहांच्या कमानीतून आत नेलं. पुरुष आले तेव्हा शिसवी खुर्च्या भरलेल्या होत्या. पहिल्या खुर्चीत उकंडरावांची आई. मागे कुणाची सासू, कुणाची आत्या, कुणाची थोरली वहिनी.

"हे काय करून ठेवलं?" उकंडराव दात-ओठ खात म्हणाले.

"मी बाया आनल्या. आता तुमी उठवा," मनकर्णाबाई म्हणाली.

उकंडरावांनी आईकडे पाहिलं. आईने उकंडरावांकडे पाहिलं. पुरुष मुकाट्याने गल्लीतून पडद्यामागे गेले.

चित्र सुरू झालं. देव पाटावर बसला आणि त्याने उजव्या हाताने घास घेतला. अन्नपूर्णाबाईने भक्तिभावाने हात जोडले. तेवढ्यात पडद्यामागून एक घोगरा आवाज आला, "अबे, हा त डाव्या हातानं जेवून राह्यला!" बायका हसून हसून खुर्च्यांतून घसरायच्या बेताला आल्या.

मध्यंतरात उकंडराव तणतणत आले. पुरुषांना समोरची जागा परत हवी होती आणि बायका जागच्या हलायला तयार नव्हत्या. डाव्या हाताचा देव आता कुणालाच नको होता. सगळा राग मनकर्णाबाईवर निघाला. "आता मांगचं दारच बंद! दोघाईलेही समोरच बसवतो, मधात कनात लावून. समोरच्या दारावर मानूस हायच. तुहं काम सरलं."

बायका आणायच्या नादात मनकर्णाबाईने आपलंच दार घालवलं होतं. एरवी बाजार हलवणाऱ्या तिच्या तोंडून शब्द फुटेना.

अन्नपूर्णाबाई उभी राहिली. "मनकर्णा नसन त आमी बी नाही." तिच्या पाठोपाठ सगळं दालन उभं राहिलं. उकंडरावांची आईसुद्धा खुर्चीचा हात धरून उभी झाली. मनकर्णाबाई बघतच राहिली. तिच्यासाठी आजवर कुणी जागचं उठलं नव्हतं, आणि इथे तर खानदानी घरांच्या लेकीसुना उठल्या होत्या. तिला हुंदका आवरेना.

इतक्यात हिंमतरावाने यंत्र सुरू केलं. पडद्यावर देवाच्या जागी उभ्या बायकांची नुसती डोकी दिसू लागली. मनकर्णाबाईने पदराने नाक पुसलं आणि तिचा आवाज परत आला.

"खाली बसा वं साऱ्याजनी! मांगच्याईले दिसून नाही राह्यलं!"

बायका मटकन बसल्या. पडद्यामागे उभे असलेले पुरुषही बसले. जवळ खुर्ची नव्हती, तरी उकंडरावही बसले.