दोन आजोबांमधलं लेकरू

मामा मंगळवारी सकाळी गेले. चहा पीत होते. बशी हातातून पडली. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

मला ते अजून खरं वाटत नाही. बोलावणं नसताना बारशाला जाणारा आणि तिथली पंगत अडवून धरणारा असा दुसरा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात झाला नसेल. ते एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले, पण आवाज बसमधलाच राहिला. बायका पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात नाव सांगत, तेवढ्यात मांडवातून आरोळी येई, "अन् रेशनकार्डात कधी घालणार?" कार्डात नाव नसलं की सरकारी विम्यातून लेकरावर उपचार होताना अडतं, हे ते नवरदेवाला लग्नातच ऐकवत. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. मग माहेरचे म्हणतात, नाव सासरच्यांनी घालावं. सासरचे म्हणतात, जन्म तिकडचा, तिकडंच घाला. लेकरू मधल्यामध्ये राहतं. म्हणून मामा दोन्ही आजोबांना एका सतरंजीवर बसवत आणि एकजण कबूल होईपर्यंत पानं वाढू देत नसत. एकदा भात पार गार झाला, तेव्हा आचाऱ्यानेच आजोबांपुढे हात जोडले. मामी तर लाजेने त्यांच्यासोबत कुठे जाईनाशी झाली होती.

झरी गावच्या चार वर्षांच्या एका मुलीचं नाव असंच राहिलं होतं. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी हृदयाला छिद्र असल्याचं सांगितलं. त्याच सरकारी विम्यात ऑपरेशन फुकट होणार होतं, पण मुलगी कुठल्याच कार्डात नव्हती. हे कानावर येताच मामा दोन्ही आजोबांना घेऊन तहसीलला गेले. मीही सोबत होतो.

"पाव्हणं, तुमीच घाला की," आईचे वडील म्हणाले. "नात तुमच्या घरची."

"आमी कसं? वाढायली तुमच्याकडं."

"लेकरू निळं पडायलंय," मामा ओरडले, "अन् तुमी मानपान करायलाव? लाज हाय का न्हाई?"

सगळी कचेरी वळून पाहू लागली. सासरच्या आजोबांनी मुकाट्याने अर्जावर अंगठा उठवला. तो सोमवार होता, मामा गेले त्याच्या आदला दिवस.

ऑपरेशन नीट झालं. पुढे एकदा मुलीचे वडील तिला घेऊन मामीला भेटायला आले. भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून मुलीने विचारलं, "हे कोण हायेत?" मामांनी तिला कधी पाहिलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. मामीने मुलीला जवळ घेतलं.

मामा नाहीत. मुलगी रोज अंगणवाडीत जाते.